सातवा हात

सगळं जसंच्या तसं आठवतं, असं सर कधीच म्हणत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आठवणींवर तळटिपा लिहिलेला माणूस, स्वतःच्या आठवणीवर डोळे मिटून कसा विश्वास ठेवणार? त्या रविवारी अंगात काळा शर्ट होता की गडद निळा, यावर ते अजून स्वतःशीच वाद घालतात. एकूण प्रयोग नऊ झाले, हेसुद्धा त्यांनी नंतर कागद बघून नक्की केलं. पण डाव्या खांद्याचं विचाराल, तर तिथे त्यांची शंका संपते. खांद्याला सगळं लक्षात आहे, असं ते म्हणतात, आणि म्हणताना उजवा हात आपोआप तिकडे जातो.

सुरुवात अगदी साधी होती. सरांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाची दोन जाडजूड पुस्तकं घरी तशीच पडून होती.

"लोक ऑफिसातनं फार तर पेन आणतात हो," बायको म्हणाली. "तुम्ही अख्खं कपाट आणलंत. जा, देऊन या."

बायको गणिताची शिक्षिका होती, तीही निवृत्त. तिनं एकच गोष्ट चौथ्यांदा सांगितली की सर उठतात, हा घरातला नियम. पुस्तकं देऊन झाली आणि रिकामी पिशवी घेऊन सर निघाले, तर पाय सवयीनं नाट्य-नृत्य विभागाकडे वळले. विभागाच्या लांब बोळात ओला रंग, तासलेलं लाकूड आणि घाम यांचा तोच जुना वास. भिंतीवर त्या वर्षीच्या हंगामाची भित्तिपत्रकं ओळीनं लावलेली. दोन नाटकं होऊन गेली होती, एक नृत्यसंध्या झाली होती, आणि शेवटचं नृत्यनाट्य तेवढं राहिलं होतं.

"सर! अगदी देवासारखे आलात."

विभागप्रमुख मॅडम समोरून धावतच आल्या. एके काळी त्या सरांच्याच विद्यार्थिनी, मागच्या बाकावर बसून ताल धरल्यासारखी मान हलवणाऱ्या. आता त्यांच्या हाताखाली वीस माणसं होती, आणि शेवटचं नृत्यनाट्यही त्यांनीच बसवलं होतं. डाव्या विंगेत उभ्या राहणाऱ्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, महिनाभर आधीच.

"एखादी विद्यार्थिनी उभी कर की," सर म्हणाले.

"तिथे मोठंच माणूस लागतं. चौकट आहे ना, सर."

चौकट म्हणजे लोखंडाची एक भिंत. तीन दारं असलेली, रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब, वजनाला छोट्या मोटारीएवढी. ती वर छताशी दोरांवर टांगलेली असे. नृत्य ऐन भरात आलं की एकदम सगळे दिवे जायचे. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. त्या अंधारात सात मुली धावत डाव्या विंगेतून बाहेर पडायच्या आणि मागोमाग चौकट खाली यायची. दिवे लागले की प्रेक्षकांना दिसायचं, मघाशी जिथे सातजणी नाचत होत्या तिथे आता एक बंद घर उभं आहे.

आता अंधारात सातही जणी बाहेर आल्या हे कळायचं कसं? त्याची त्या थिएटरात एक जुनी पद्धत होती. विंगेच्या तोंडाशी एका माणसानं उभं राहायचं. बाहेर पडणारी प्रत्येक मुलगी त्याच्या डाव्या खांद्याला हात लावून पुढे जाणार. त्यानं मनात मोजायचं, आकडा पुरा झाला की कानातल्या हेडसेटवर एकच शब्द बोलायचा. 'सोड.' मग वरचा माणूस दोर सोडणार.

"सातापर्यंत मोजायचं, एवढंच," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला काय अवघड?"

सरांनी हो म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत वाटेतले सगळे दिव्याचे खांब त्यांनी मोजले होते. कारण होतं दादांचं. सरांचे थोरले भाऊ, अख्ख्या घराण्यात सगळ्यात हुशार. तीन वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या जिन्याच्या पायऱ्यांवरून वाद घातला होता. पायऱ्या चौदा, आणि दादा तेरावर हटून बसले. सगळे हसले होते. आता दादा स्वतःच्या मुलांना 'आपण कोण?' असं अदबीनं विचारत. तेव्हापासून सर एकटे असले की जिने मोजत, खिडकीचे गज मोजत, औषधाच्या गोळ्या मोजत. उत्तर बरोबर आलं तरी पुन्हा मोजत.

बायकोला हे माहीत होतं. तिनं चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "करा हो. गणिताच्या बाईंशी चाळीस वर्षं संसार केलात, सातापर्यंत येईलच."

वर दोर सोडणाऱ्या माणसाला सगळे दोरीवाले काका म्हणत. हाताचे तळवे लाकडासारखे कडक, बोलणं मोजकं. पहिल्याच तालमीला सर लोखंडी शिडीवरून त्यांच्या माचीवर चढून गेले.

"काका, ही खांद्याची पद्धत कुणी काढली?"

"मी आलो तेव्हापासून आहे. माझ्या आधीचा माणूसही हेच सांगायचा, की मी आलो तेव्हापासून आहे."

"पण सुरू कशावरून झाली असेल?"

काकांनी दोरावरून हात फिरवला. "कधीतरी कुणीतरी आत राहिलं असणार. त्याशिवाय माणूस मोजायला लागतो का?" मग जरा थांबून म्हणाले, "वरून मला खालचं काही दिसत नाही, सर. तुम्ही सोड म्हणालात की मी सोडणार, नाही म्हणालात तर नाही. मधे मॅडम ओरडोत नाहीतर कुलगुरू येवोत."

तालमी सुरळीत झाल्या. सात हात लागत, सर 'सोड' म्हणत, चौकट धिम्या घरघरीनं उतरत असे. फक्त शेवटची रंगीत तालीम सरांची बुडाली. दादांना दवाखान्यात हलवावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी सूत्रं सांभाळणाऱ्या मुलीला गाठलं. तिला सगळे 'घड्याळ' म्हणत. वर्गात, तालमीला, चहाला, कुठेही ती मिनिटभर आधी हजर. गळ्यात सदैव स्टॉपवॉच आणि काखेत प्रयोगवही.

"काल काही बदल?"

"थोडेफार, सर. तुमच्या जागी काल मीच उभी होते. डाव्या विंगेचा कागद फळ्यावर लावलाय."

फळ्यावर कागदांची ही गर्दी. कपड्यांचा, दिव्यांचा, चहाच्या पाळ्यांचा. डाव्या विंगेचा कागद सरांना सापडला. त्यांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. त्यात नवीन काही नव्हतं. मोजणी सात.

पहिला प्रयोग.

विंगेतला अंधार तुम्ही अनुभवला नसेल, तर सांगून कळणार नाही. प्रखर दिव्यांतून एकदम काळं झालं की डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे डाग तरंगतात आणि आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत, हेच कळेनासं होतं. मग अनवाणी पावलांची धडधड, धापा. पहिला हात धपकन पडायचा. दुसरा आणि तिसरा जोडीनं. चौथा घामानं ओला, पाचव्याची नखं टोचायची, आणि सहावी दर वेळी ठेच लागल्यासारखी सरांवरच आदळायची. सहा.

मग क्षणभर काहीच नाही.

आणि मग सातवा. त्याच्या आधी पाऊल वाजायचं नाही. सरांना वाटलं, चिमणीच ती, तिचं वजन ते किती! चिमणी म्हणजे सातजणींतली सगळ्यात लहानखुरी. तालमींतही तीच शेवटी यायची. हात अलगद टेकायचा, बोटं किंचित रेंगाळायची, आणि निघून जायची. हात गार होता. कापडातून कातडीपर्यंत पोचणारा गारवा. त्याबरोबर एक वास, बरेच दिवस न उघडलेल्या लोखंडी ट्रंकेचा यावा तसा.

"सोड," सर म्हणाले. वर दोर कुरकुरले.

त्या रात्री घरी परतताना सरांना हलकं हलकं वाटत होतं. सात म्हणजे सात. डोकं शाबूत आहे. दुसऱ्या प्रयोगाला तेच, तिसऱ्याला तेच. त्या शेवटच्या गार हाताची त्यांना ओढच लागली म्हणा ना. तो लागला की छातीवरचं ओझं उतरायचं. चौथ्या प्रयोगाला त्यांच्या तोंडून नकळत, अगदी हळू, "शाब्बास" असं निघून गेलं. आणि खांद्यावरची बोटं उत्तर दिल्यासारखी किंचित दाबली गेली.

दुसऱ्या दिवशी बोळात चिमणी चहाचा पेला घेऊन भिंतीला टेकून बसलेली दिसली.

"तुझे हात फार गार असतात गं. बरं आहे ना सगळं?"

"माझे?" ती खो खो हसली. "सर, माझे हात म्हणजे भट्टी! आई म्हणते, इस्त्री कशाला हवी, तूच हात फिरव कपड्यांवरून."

"नृत्याआधी गार पडत असतील. भीतीनं."

"असेल," ती म्हणाली. मोठ्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून मुलं म्हणतात, तसं.

पाचव्या प्रयोगापासून एक गोष्ट सरांना खटकायला लागली. सहावी आणि सातवी यांच्यातला वेळ वाढत होता. आधी एखादा श्वास. मग दोन. सहाव्या प्रयोगाला त्यांनी अंधारात चार श्वास मोजले, आणि तेवढ्या वेळात डोक्यावर टांगलेलं ते लोखंड त्यांना स्वतःच्याच मानेवर टेकल्यासारखं वाटलं. ही पोरगी आत करते तरी काय? चौकटीच्या खाली, अंधारात, एकटी?

प्रयोगाआधी त्यांनी चिमणीला बाजूला घेतलं.

"हे बघ, शेवटी रेंगाळत जाऊ नकोस. वर काय टांगलंय ठाऊक आहे ना? दिवे गेले की सरळ बाहेर."

"मी रेंगाळते?" तिच्या कपाळाला आठी पडली. "सर, पण मी तर..."

तेवढ्यात दुसरी घंटा झाली. "बरं सर, लक्षात ठेवते," असं म्हणत ती कपडे बदलायला पळाली.

सातव्या प्रयोगाला हात आणखी उशिरा आला. अंधार इतका लांबला की प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. नंतर मॅडम विंगेत आल्या. बोलल्या गोडच, पण नजर चुकवत होत्या.

"सर, अंधार जरा लांबतोय. आमची लय तुटते. दमायला होतंय का तुम्हाला?"

"मुली बाहेर आल्याशिवाय मी सोड म्हणणार नाही."

"नाही, नाही, ते बरोबरच. पण त्या तर पटापट येतात." मॅडम थांबल्या. त्यांच्या मनात काय आलं ते सरांना स्पष्ट दिसलं. ती नजर ते ओळखत होते. दादांकडे ते स्वतः त्याच नजरेनं बघत. "हवं तर शेवटच्या प्रयोगाला घड्याळला उभी करते. तुम्ही समोर बसा, आरामात बघा."

"मोजता येतं मला," सर म्हणाले. आवाज नको तितका चढला.

किती मोजता, हे मॅडमनी विचारलं नाही. डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला असं कोण विचारणार?

आठव्या प्रयोगाला सातवा हात आला तेव्हा सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या दिवशी बोटं खांद्यावर नुसती टेकली नाहीत. त्यांनी खांदा मुठीत घेतला, जणू काही सांगायचं होतं, आणि मग सोडून दिला.

नववा आणि शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. बाहेर रखरखीत ऊन. लोक डोळ्यांवर हात धरून आत येत होते. सकाळीच दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला होता. दादा आता स्वतःचं नावही सांगत नव्हते. बायको म्हणाली, "आज नका जाऊ हो." सर म्हणाले, "आज गेलो नाही तर पुन्हा कधीच जाणार नाही." तिनं दाराशी येऊन त्यांच्या कॉलरचं बटण लावून दिलं.

नृत्य सुरू झालं. विंगेतून सरांना मुलींच्या पाठी दिसत होत्या, उडणारी धूळ दिसत होती. ढोलाची शेवटची आवर्तनं. हेडसेटवर घड्याळचा बारीक, कोरडा आवाज, "तयार... तयार..."

दिवे गेले.

धपकन एक. दोन, तीन. चौथा ओला. पाचवा, नखं. सहावी येऊन आदळली, "सॉरी सर," असं पुटपुटत मागे गेली.

सर थांबले.

एक श्वास. दोन. पाच. खांदा उघडा पडल्यासारखा वाटत होता. सात श्वास. आठ.

"सर?" कानात घड्याळचा आवाज. "सर, सोडायचं?"

प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली.

"सर, काय झालं?" आता मॅडमचा आवाज, दबका, कापरा. "सगळ्या आल्यात. सोडा, काका!"

"सरांनी सांगितल्याशिवाय नाही," वरून काका म्हणाले.

आणि त्या काळ्या मिट्ट अंधारात सरांना जिना दिसला. चौदा पायऱ्यांचा. तेराव्या पायरीवर उभे राहून, सगळे हसत असताना, 'मी नीट मोजल्यात' असं सांगणारे दादा दिसले. त्यांचा चेहरा किती शांत होता! चुकणाऱ्याला आपण चुकतोय हे कळत नाही. तेच तर चुकणं. सातही आल्या असतील. सातवा हात लागून गेला असेल आणि माझ्या डोक्यातून तेवढाच निसटला असेल. बाहेर दोनशे माणसं बसलीयत. एक शब्द, एकच शब्द बोलायचा...

त्यांनी तोंड उघडलं. समोरून, रंगमंचाच्या मधून कुठूनतरी, ट्रंकेचा तो वास आला. आणि कापड फरशीवरून ओढलं जावं असा आवाज. एकदा. पुन्हा एकदा.

"नाही," सर म्हणाले. "ती आली नाही... दिवे लावा."

"सर, प्रयोग मोडेल—"

"दिवे लाव, पोरी!"

दिवे लागले.

चिमणी मधोमध पालथी पडली होती, बरोबर चौकटीच्या रेषेवर. दोन्ही तळहात फरशीवर टेकलेले. उजवा पाय मागे सरळ ताणलेला. ती प्रेक्षकांकडे बघत नव्हती, विंगेकडेही नाही. मान वळवून ती आपल्याच पायाकडे बघत होती. तिच्या पाठीच्या वर, वीस फुटांवर लोखंड टांगलेलं, हलकेच झुलत होतं.

प्रेक्षकांत एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच आहे.

घोटा मोडला होता, एवढ्यावर निभावलं. मॅडम सरांचे हात धरून रडल्या. काका माचीवरून खाली आले, सरांसमोर उभे राहिले, आणि परत वर गेले. सगळी पांगापांग झाल्यावर घड्याळ जवळ आली.

"सर, तुम्हाला कसं कळलं?"

"खांद्याला कळलं," सर म्हणाले.

ती काहीतरी विचारणार होती, पण मग वही छातीशी धरून निघून गेली. सरांना वाटलं, पोर घाबरलीय.

चिमणी त्या वर्षी शिक्षण सोडून गावी गेली. पुढच्या हिवाळ्यात दादा गेले. सरांचं वय वाढत राहिलं, चष्मे हरवत राहिले, ओळखीच्या माणसांची नावं जिभेवर येऊन अडत राहिली. पण प्रत्येक वेळी ते स्वतःला त्या दुपारची आठवण द्यायचे. सगळे म्हणत होते आल्या, मी म्हणालो नाही, आणि मीच बरोबर होतो. बायको चारचौघांत सांगायची, "अहो, यांना सातापर्यंत येतं म्हणून एक जीव वाचला." म्हातारपणी माणसाला टेकायला एखादी भिंत लागते. सरांची भिंत म्हणजे ती दुपार.

सहा वर्षांनी नातीला नृत्याच्या वर्गात घालायला सर गेले. आरशांची लांबट खोली, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. शिकवणारी बाई किंचित लंगडत पुढे आली आणि थबकली.

"सर!"

चिमणीच होती. अंगानं भरली होती, हसणं तेच. तिनं वाकून नमस्कार केला, नातीला आरशापुढे पाठवलं आणि सरांना खुर्ची दिली. इकडचं तिकडचं झालं. मग ती समोर फरशीवर बसली आणि पावलावरून हात फिरवत म्हणाली,

"इतकी वर्षं विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? सहाच हात लागले. तुझा सातवा आला नाही."

चिमणीचा हात थांबला.

"माझा?"

"शेवटी तूच यायचीस ना."

"सर..." ती हळू बोलली, त्या वेळी बोळात 'असेल' म्हणाली होती तसं. "मी तुमच्या बाजूनं कधी आलेच नाही. शेवटच्या रंगीत तालमीत मॅडमनी माझी जागा बदलली. मी उजवीकडून एकटीच बाहेर पडायचे, तिकडे मोजायला कुणी नव्हतं. सगळ्या प्रयोगांना. तुमच्याकडे सहाच यायच्या."

आरशापुढे नात गिरक्या घेत होती. सर तिच्याकडे बघत राहिले.

"पण मी तुला बोललो होतो. रेंगाळू नकोस म्हणून."

"हो. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाशी गल्लत करताय. मोठ्या माणसाला काय सांगायचं, म्हणून बरं म्हटलं." तिनं पाऊल जवळ ओढून घेतलं. "आणि अजून एक. घरी कुणाला पटत नाही, म्हणून सांगत नाही. मी त्या दिवशी घसरले नव्हते, सर. मी निघाले होते, उजवीकडे, सरळ. कुणीतरी घोटा धरला."

"धरला?"

"गार हात. ओढत नव्हता. नुसता धरून होता, घट्ट. बघा... 'थांब ना' म्हणत लहान मुलं पदर धरतात, तसा."

सर घरी आले. रात्रभर त्यांनी विचार केला, की माणसाची आठवण काय, सहा वर्षांत कशीही वळते. मुलगी पडली होती, घाबरली होती, नंतर मनानं काहीतरी रचलं असेल. आणि माझी तरी आठवण कुठे धड आहे? सकाळी त्यांनी पिशवी उचलली आणि विद्यापीठात गेले.

जुन्या हंगामांच्या प्रयोगवह्या ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांतून ठेवल्या होत्या. घड्याळची वही सापडायला वेळ लागला नाही. सुवाच्य, तिरकं अक्षर, लाल शाईच्या खुणा. शेवटच्या रंगीत तालमीच्या पानावर तिनं दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, 'चिमणी उजवीकडून. डाव्या विंगेत मोजणी सहा. नवा कागद लावला.' सरांना फळा आठवला, कागदांची गर्दी आठवली. त्यांनी वाचला तो आदल्या दिवशीचा होता. नवा त्याच्या खाली गेला असणार, नाहीतर आणखी कशाच्या.

पान उलटलं. घड्याळनं त्या नृत्यनाट्याच्या प्रत्येक अंधाराची वेळ घेतली होती. दिवे गेल्यापासून सरांच्या 'सोड'पर्यंत. वर टीप होती, 'सहा जणी बाहेर यायला नऊ सेकंद लागतात (मी स्वतः उभी राहून मोजले). त्यानंतर सर कशासाठी थांबतात, विचारायचं.'

खाली आकडे होते. सरांनी ते बोट ठेवून वाचले, आणि मग, सवयीनं, पुन्हा दोनदा वाचले. पहिला प्रयोग, अकरा सेकंद. दुसरा, अकरा. तिसरा, बारा. चौथा, तेरा. पाचवा, पंधरा. सहावा, सोळा. सातवा, अठरा. आठवा, एकवीस.

नवव्या प्रयोगापुढची जागा कोरी आहे.